ऐसपैस दिसणारी खोली

फेब्रुवारी संपत आला की नाशकात एकाच दिवसात दोन ऋतू नांदतात. सकाळी स्वेटर, दुपारी उसाचा रस. पेठ रोडवर द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो जपून चालतात, आणि त्यांच्या मागे स्कूटर लागली की गोडसर, किंचित आंबूस वास घरी पोहोचेपर्यंत नाकातून जात नाही. आंबे मोहरलेले असतात. गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात हॉलतिकीट अडकवलेली पोरं चौकाचौकात उभी असतात, त्यांच्या आया त्यांना दहीसाखर खाऊ घालून आलेल्या असतात. लोकांना हे दिवस आवडतात. मला नाही आवडत. मोहोराचा वास आला की मला आधी थकवा येतो, मग राग येतो. पूर्वी हे उलट होतं.

मी पत्रकं लिहिते. मुलींच्या वसतिगृहांसाठी धडपडणाऱ्या एका छोट्या गटात आहे, आणि गटात लिहायला कोणी नसल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. ‘जा’ टाइप केलं की माझा फोन आपणहून ‘जाहीर निषेध’ सुचवतो. उद्गारचिन्हांचा मला कंटाळा आलाय. पण ती काढली तर पत्रक भाजीच्या यादीसारखं दिसतं, म्हणून ठेवते.

आज सकाळी सविताचा फोन आला. सविता सुरगाण्याकडची. आम्ही सध्या ज्या वसतिगृहामागे लागलोय, तिथूनच गेल्या वर्षी बारावी झाली, आता कळवणला नर्सिंग शिकते. तिच्या काकांची वनिता यंदा त्याच वसतिगृहात, त्याच बारावीला आहे.

“ताई, वनीचे पेपर आले. वरचा हॉल उघडला का?”

“नाही अजून.”

“मंग?”

एवढंच. या ‘मंग’वर मला पत्रक लिहिता येत नाही.

वसतिगृह एका संस्थेचं आहे. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा नावाची होते आणि मुली राहतात बाजूला. खाली एक लांबट खोली. पूर्वी तिथे खाटा होत्या. खाटांवर मुली कमी मावतात हे लक्षात आल्यावर खाटा काढल्या आणि मुली जमिनीवर आल्या. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, डोक्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर टॉवेल आणि परकर, ते वाळेपर्यंत खालच्या पुस्तकांवर थेंब. खोबरेल तेल, ओला कपडा आणि कुणाच्या तरी डब्यातली नागलीची भाकरी असा मिळून एक वास. बारावीच्या मुली पाळीपाळीने जिन्यात अभ्यास करायच्या. जिन्यात जागा नसली की न्हाणीघराच्या बाहेरच्या पट्ट्यात, कारण तिथली ट्यूब चांगली होती.

आणि या सगळ्याच्या बरोबर डोक्यावर, अख्ख्या मजल्याएवढा हॉल. कुलूपबंद. आत प्लॅस्टिक न काढलेल्या खुर्च्या, एक स्टेज, संस्थापकांचा मोठा फोटो. संस्थेची वार्षिक सभा तिथे होते, कधीमधी कुणाला शाल-श्रीफळ देतात. बाकीचं वर्षभर तिथे धूळ राहते, एकटी, खुर्च्या असून उभीच.

संस्थेच्या सचिवांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. वाईट माणूस नाही. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. आम्ही गेलो की चहा सांगतात, बागेतली द्राक्षं पुढे करतात. मागच्या वर्षी मी त्यांना म्हटलं, “भाऊसाहेब, एकदा खोलीत येऊन बघा. पाच मिनिटं.”

ते खरोखर ओशाळले. “ताई, मुलींच्या खोलीत पुरुष माणसानं कसं जायचं? बरं दिसतं का? रेक्टरबाई आहेत ना, त्या सांगतात की सगळं ठीक आहे म्हणून.”

मर्यादा पाळणाऱ्या माणसाचा निषेध कसा करायचा, हे मला कोणत्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. न बघण्याचं इतकं सभ्य कारण मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

भाऊसाहेब खोलीत जात नाहीत, तर खोली त्यांच्यापर्यंत न्यायची. ही कल्पना योगेशची. योगेश माझ्या कॉलेजातला. गंगापूर रोडच्या बिल्डरांसाठी तो सॅम्पल फ्लॅट ‘आभासी’ करून देतो. मुंबईत किंवा दुबईत बसलेला ग्राहक डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा चढवतो आणि नाशिकच्या फ्लॅटमध्ये हिंडतो, मान वळवली की खिडकी दिसते, पुढे सरकलं की ओटा जवळ येतो. करायचं कसं, तर खोलीचे शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतलं थोडं थोडं यायला हवं. मग संगणक त्यांतल्या खुणा जुळवतो. हा खिळा त्या फोटोतही आहे, हा डाग इथेही आहे, असं करत करत पूर्ण खोली उभी करतो. चित्र नाही, खोलीच. तिच्यात उभं राहता येतं.

मला वाटलं, सापडलं. पत्रक टाळता येतं, फोटो उलटा ठेवता येतो, पण डोळ्यांवरच खोली बांधली तर माणूस कुठे बघेल?

रविवारी सकाळी आम्ही गेलो. दारात रांगोळी होती. रेक्टरबाईंनी फक्त “फोटोवाले येणार आहेत” एवढं सांगितलं होतं, आणि मुलींनी पहाटेपासून खोली उपसली होती. पेट्या मागच्या अंगणात. दोऱ्या सोडलेल्या. गाद्या-गोधड्यांचे गठ्ठे जिन्याखाली. फिनेलने पुसलेली फरशी चकचकत होती आणि मुली धुतलेल्या केसांच्या वेण्या घालून, मोठ्या अभिमानाने ओळीत उभ्या होत्या.

“अगं, हे काय केलंत!” मी म्हटलं.

सविता माझ्याकडे बघतच राहिली. “मंग काय पसारा दाखवायचा का लोकांना? आमाला काय इज्जत हाय का नाय, ताई?”

अन्याय दाखवायचा म्हणून यांनी आपले परकर दोरीवर ठेवायला हवे होते, हे तोंडाने म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरायचं हे ज्यांच्या अंगात मुरलंय, त्यांना अन्यायासाठी वेगळी शिस्त कोण शिकवणार?

त्यात योगेशने भर घातली. “चला, सगळ्या बाहेर. माणूस हललं की मॉडेलमध्ये भूत होतं.”

मुली बाहेर गेल्या. खोलीत उरलं ते खोलीपण. भिंतींचीही अडचण निघाली. भिंतीवर काही चिकटवायचं नाही असा वसतिगृहाचा नियम, त्यामुळे भिंती कोऱ्या करकरीत, आणि कोऱ्या भिंतीवर संगणकाला धरायला काही सापडत नाही. सविताने टिकल्यांचं पाकीट आणलं. मुलींनी खिदळत खिदळत भिंतभर टिकल्या लावल्या, लाल, मरून, एखादी खड्याची. रेक्टरबाई म्हणाल्या, “भिंतीचं कपाळ करून ठेवलंय नुसतं. नंतर घासून काढायच्या, सांगून ठेवते.”

तयार झालेली खोली योगेशच्या घरी मी पहिल्यांदा घातली. घातली असंच म्हणावं लागेल, कारण ती अंगरख्यासारखी चहूबाजूंनी चढते. खिडकीतून उन्हाचा पट्टा आलेला. भिंतीवर टिकल्यांचं नक्षत्र. ओली फरशी. आवाज नाही. त्या खोलीत शांतता कशी असते हे मला माहीतच नव्हतं. मी म्हणाले, “काय सुंदर झालंय रे.” आणि खरंच झालं होतं.

मग संस्थेच्या ऑफिसात भाऊसाहेबांनी चष्मा चढवला. दोन्ही हात पुढे करून ते गोल फिरले, आणि त्यांचा चेहरा, म्हणजे चष्म्याखालचा अर्धा चेहरा, फुलत गेला.

“अरे वा! ही आपली खोली? ऐसपैस आहे की! आणि स्वच्छ काय ठेवलीय पोरींनी! ताई, तुम्ही उगीच मला घाबरवत होतात.”

“भाऊसाहेब, यात मुली नाहीत…”

“अहो, असल्या तरी मावतील की! योगेशराव, हे आपल्या प्रवेशाच्या वेळी पालकांना दाखवता येईल का? मोबाईलवर? खेड्यातून यायचं-जायचं वाचेल त्यांचं.”

योगेशला कुणी ‘राव’ लावलं की तो विरघळतो. तो “हो, सहज” म्हणणार होता. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, “हो, फक्त थोडं फिनिशिंग बाकी आहे.”

बाहेर आल्यावर आम्ही रसाच्या गाड्यावर उभे राहिलो. घुंगरू वाजत होते. मी भाऊसाहेबांच्या नावाने खडे फोडत होते आणि योगेश बर्फ कमी टाकायला सांगत होता. मग तो म्हणाला, “मी रोज हेच करतो गं. बाल्कनीतला वाळत घातलेला कपडा काढ, म्हातारीचा वॉकर काढ, माणसं काढ. माणसं काढली की प्रत्येक खोली मोठी होते.”

हे मी पत्रकात घालू शकले असते, पण तेव्हा तहान लागली होती. या कामात फार वेळा असंच होतं. चांगलं वाक्य येतं तेव्हा आपण उन्हात उभे असतो.

त्या दिवसांत मला रात्री झोप लागायची नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ढाराढूर झोपायचे. माझ्या स्वतःच्या खोलीत, पंख्याखाली, गादीवर आडवीतिडवी. सकाळी उठल्यावर मात्र पाय कुठवर पोहोचलेत ते बघायचे आणि लाज वाटायची. लाज वाटून कुणाला काही मिळत नाही. तरी वाटायची.

फिनिशिंगच्या नावाखाली आम्ही परत गेलो. खुद्द भाऊसाहेबांची परवानगी, त्यामुळे रेक्टरबाईंनी दार सताड उघडलं. या वेळी मी मुलींसमोर बसले आणि सगळं सांगितलं. खोली मोठी दिसली, त्यांना आवडली, आता तीच दाखवून ते आणखी मुली आणणार आहेत. सविता आधी हसली. मग गंभीर झाली.

“म्हंजे आमीच झाडून काढलं आमाला.”

“पेट्या आत आणा, दोऱ्या बांधा,” मी म्हटलं. “आणि तुम्हाला चालणार असेल तर, तुम्ही रोज जिथे झोपता तिथे आडव्या व्हा. नको असेल तर नको.”

कुजबुज झाली. एक म्हणाली, “निजलेल्या दिसू? माझा बा बघल तं जीवच घेईल.” दुसरी म्हणाली, तोंडावर चादर घेऊ, डास चावतात तेव्हा तसंही घेतोच. त्यांनी चादरी ओढून बघितल्या. योगेशने कॅमेरा खाली ठेवला. “नको. फार वाईट दिसतंय.” काय दिसत होतं ते आम्हा सगळ्यांनाच कळलं. तेव्हा सविताने आपलं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि पालथं तोंडावर ठेवलं. “हे बरंय. अभ्यास करता करता झोप लागली म्हनायचं. खोटं थोडीच हाय?”

मग सगळ्यांनी पुस्तकं घेतली. कुणी भूगोल, कुणी पाली भाषेत असल्यासारखा अनोळखी वाटणारा भौतिकशास्त्राचा गाईड, कुणी इंग्रजी. खांद्याला खांदा, एकीचे पाय दुसरीच्या उशाशी, तिसरी पेटीला टेकून अर्धवट वाकडी, कारण पूर्ण सरळ व्हायला तिथे जागाच नाही.

“स्टॅच्यू!” योगेश ओरडला.

फोटो काढायला वेळ लागतो. मुलींच्या अंगावरून पाय न टाकता हिंडायचं म्हणजे योगेशची कसरत. पेटीवरून पेटीवर, भिंतीला चिकटून. पुस्तकाखालून कोणीतरी फुसकन हसायचं, की सगळी रांग हलायची, की पुन्हा स्टॅच्यू. सविताच्या नाकाला खाज सुटली. मॉडेलमध्ये तिला तीन हात आले. योगेश ते पुसणार होता, पण तिने पाहिलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. एका हातानं कुठं पुरतं मला.”

पुस्तकांच्या छापील पानांवर संगणकाने खुणा अशा घट्ट धरल्या की या वेळी भिंतींपेक्षा मुलीच ठसठशीत आल्या.

भाऊसाहेबांनी दुसऱ्यांदा चष्मा घातला तेव्हा ऑफिसात आम्ही तिघंच होतो. त्यांनी चपला काढल्या होत्या, मागच्या वेळीही काढल्या होत्या. खोली खोटी असली तरी मुलींची होती. “झालं का फिनिशिंग?” म्हणत त्यांनी मान वळवली. आणि थांबले.

योगेशने त्यांना खोलीच्या आतल्या टोकाला उभं केलं होतं. दार समोर, आणि दारापर्यंत सगळ्या मुली.

“हे… ह्या आपल्या मुली?”

“हो.”

“सगळ्या इथंच झोपतात?”

“रोज.”

मग त्यांनी पाऊल उचललं, आणि ते हवेतच राहिलं. झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, हे आपल्याकडे पोरासोरांना सांगावं लागत नाही. भाऊसाहेबांनी पाय डावीकडे नेला, तिथे पेटी. उजवीकडे नेला, तिथे एक वेणी. एका पायावर डुलणारा तो भारदस्त माणूस टेबलाची कड चाचपत म्हणाला, “अहो, उठवा ना त्यांना. जायचं कसं मी?”

योगेश पुढे होणार होता, मी त्याला थांबवलं. भाऊसाहेबांचा तोल गेला आणि पाय खाली टेकला. आम्हाला ऑफिसची फरशी दिसत होती. त्यांना काय दिसलं ते पुढच्या क्षणी कळलं. ते चटकन वाकले, पुस्तकाला पाय लागल्यावर आपण वाकतो तसे, बोटांनी जमिनीला स्पर्श केला आणि हात कपाळाला लावला. दोनदा.

मग त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. घाम आला होता. बराच वेळ चष्म्याची पट्टी नीट करत बसले, जणू ती त्यांनीच बिघडवली होती.

“परीक्षा होईपर्यंत वर झोपू दे बारावीच्यांना,” ते म्हणाले. “खुर्च्यांना हात लावायचा नाही.”

तो दिवस मला विजयाचा वाटायला हवा होता. गटातल्या सगळ्यांनी विजय असंच म्हटलं. मी पत्रक लिहायला बसले आणि ‘परीक्षा होईपर्यंत’ या दोन शब्दांपाशी थांबले. शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी हॉलला कुलूप लागलं. सविता तेव्हा खाली सीईटीचा अभ्यास करत होती, जिन्यात.

आणि आता पुन्हा तेच दिवस. तोच टेम्पोंचा वास, तीच सकाळची थंडी आणि दुपारचं पोळणं. मला वाटायचं की एकदा दाखवलं की माणसाला दिसतं, आणि दिसलं की दिसतच राहतं. तसं होत नाही. दिसलेलं वर्षभरात पुसलं जातं, भिंतीवरच्या टिकल्यांसारखं, कुणीतरी घासून काढतं. मग पुन्हा जायचं, पुन्हा चपला काढायच्या, पुन्हा द्राक्षं खायची. रागाला कष्ट पडतात हे रागावणाऱ्यालाच कळतं. बाकीच्यांना वाटतं, हिला आवड आहे.

सविताचा फोन ठेवला आणि योगेशकडून मागून आणलेला चष्मा पिशवीत टाकून मी संस्थेच्या ऑफिसात गेले. भाषण तयार होतं. यंदा फक्त बारावी नाही, सगळ्या मुली. यंदा फक्त परीक्षा नाही, वर्षभर. भाऊसाहेबांनी मला दारात पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

“ताई, ते यंत्र आत राहू द्या,” ते घाईने म्हणाले आणि खणातून चावी काढून टेबलावर ठेवली. “शेवटच्या पेपरापर्यंत. मागच्यासारखंच.”

“भाऊसाहेब, मला बोलायचं होतं…”

“घ्या ना. बोलायचं काय त्यात?”

पिशवीतल्या चष्म्यात आता गेल्या वर्षीच्याच मुली होत्या, आणि तरी ते घाबरले. मला हसू यायला हवं होतं. मी चावी घेतली. भाषण तसंच राहिलं. दोन द्राक्षं खाल्ली आणि निघाले.

दुपारी मी स्वतः कुलूप काढलं. मुलींनी गोधड्या वर आणल्या. हॉलमध्ये खुर्च्या एका बाजूला रचल्या होत्या आणि मधला भाग सगळा मोकळा, उन्हाने भरलेला. एखादी फुगडी घालेल असं मला वाटलं. कोणी घातली नाही. मुलींनी गोधड्या मागच्या भिंतीला लागून घातल्या. खांद्याला खांदा. एकीचे पाय दुसरीच्या उशाशी. एवढा हॉल, आणि खालच्या खोलीएवढी एक पट्टी भरली.

वनिता सविताहून बुटकी, पण भुवया तशाच. तिची गोधडी भिंत आणि खुर्च्यांच्या मधल्या फटीत होती.

“वनी, इकडे ये की मध्ये. पसर जरा. केवढी जागा आहे.”

तिने जागेकडे पाहिलं. तिला ती दिसत होती, दिसत नव्हती असं नाही.

“नको ताई,” ती म्हणाली. “पाय पसरायची सवय लागली तं पेपर झाल्यावर खाली कसं निजायचं? सीईटीपर्यंत तितंच ऱ्हायचंय ना.”

आणि तिने पुस्तक उघडलं.

मी जिना उतरले. खाली रेक्टरबाई दाराशी उभ्या होत्या, हात पुढे करून. चावी त्यांच्याकडे ठेवायची असा निरोप आला होता.

“उद्या आणून देते,” मी म्हटलं.

देणार नाहीये. शेवटच्या पेपरानंतरही नाही. हे भाऊसाहेबांना अजून माहीत नाही, त्यांना सांगायला मी याच आठवड्यात जाणार आहे, आणि या वेळी पत्रक किंवा चष्मा घेऊन जाणार नाही. वनीला सोबत नेणार आहे.